चादरीची दोन टोकं

“‘मला लहानसहान गोष्टींवरून राग येतो.’ होय, नाही, की सांगता येत नाही?” धाकटीने कागद नाकाशी धरून वाचलं.

“नाही,” भोंगा ठासून म्हणाली. “मला राग येतच नाही.”

टेबलाभोवतीच्या बायका खो-खो हसत सुटल्या. परवाच भोंगाने साबणाचा डबा मुकादमाच्या दिशेने भिरकावला होता आणि तो बिचारा अजून त्या कोपऱ्यातून जाताना मान खाली घालत होता.

“अगं, तो डबा निसटला माझ्या हातून!”

“निसटलेला डबा खाली पडतो, मावशी. तुमचा आडवा गेला.”

“लागला का त्याला? नाही ना? मग लिही गपचूप. ‘नाही’.”

रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या लाँड्रीत इतकं हसू बऱ्याच दिवसांनी पिकलं होतं. यंत्रं चहापुरती थांबवली होती. इस्त्रीच्या मोठ्या रुळांची वाफ अजून छताशी रेंगाळत होती. घडीच्या लांबलचक टेबलावर चादरींच्या जागी आज कपबशा, पेन्सिली आणि छापील कागद पसरले होते, आणि टेबलाच्या टोकाला ते कागद घेऊन आलेली कॉलेजवाली मॅडम बसली होती. चष्मा, सुती साडी, मांडीवर दोन फायली, एक निळी, एक पिवळी.

सगळ्या हसत होत्या तेव्हा घडीताई कपातल्या तळाच्या चहाकडे बघत होती. तिच्या पुढ्यातला कागद कोरा होता.

घडीताईचं खरं नाव मुकादमाच्या हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच पडून असे. तीन वर्षांपूर्वी ती कामाला लागली त्या दिवशी तिने घातलेली पहिलीच घडी बघून “ही बाई आहे का फूटपट्टी?” असं भोंगा ओरडली होती, आणि त्या संध्याकाळपर्यंत तिचं बारसं उरकलं होतं. भोंगाचं स्वतःचं बारसं त्याच्या कितीतरी आधीचं. चार यंत्रं एकदम चालू असली तरी तिचा आवाज त्यांच्या वरून ऐकू येई. लोकांना ठेवलेली नावं बोचतात. घडीताईने मात्र आपलं नाव नव्या बांगडीसारखं मिरवलं. त्याआधी सात वर्षं तिला आकड्याने हाक मारत होते.

हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. आज सकाळपर्यंत.

सकाळी झालं होतं ते असं. आतल्या जगाचा एक नियम होता. किल्ल्यांचा आवाज आला, दार उघडलं आणि कुणी बाहेरचं माणूस आत आलं, की हातातलं काम टाकायचं आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवायचे. बोटं फाकवून. “चालू द्या” असं ऐकू येईपर्यंत तसंच बसायचं. बाहेर आल्यावर घडीताईने स्वतःच्या मागे लागून बऱ्याच सवयी घालवल्या होत्या. बंद दारापुढे कुणी उघडील म्हणून उभं राहायची, ते सुटलं. डब्याभोवती हाताचं कुंपण घालून जेवायची, तेही सुटलं. पण आज मुकादम कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आला, मागून ही अनोळखी बाई आली, आणि घडीताईच्या हातांनी तिला न विचारताच चादर सोडली. तळवे टेबलावर. पालथे. बोटं फाकलेली.

बाकीच्या बायकांची कामं चालूच होती. कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त मॅडमची नजर त्या हातांवर पडली, मग घडीताईच्या तोंडावर आली, आणि मग तिने ती इतक्या सभ्यपणे दुसरीकडे वळवली की घडीताईला कळायचं ते सगळं कळलं.

“मी आधी बायकांच्या तुरुंगात हेच प्रश्न विचारले,” मॅडमने मग सगळ्यांना समजावलं होतं. “माणसाचा स्वभाव कसा आहे आणि शिक्षेबद्दल, तुरुंगाबद्दल त्याला काय वाटतं, एवढंच. आता बाहेरच्या बायकांना विचारायचं आणि दोन्हीकडची उत्तरं ताडून बघायची.”

“म्हणजे आम्ही कोण?” भोंगाने विचारलं.

“तुम्ही गुन्हा न केलेल्या.”

“सासूच्या चहात मीठ टाकलं होतं एकदा. ते धरत नाहीत ना?”

“ते नाही धरत,” मॅडमही हसली होती. माणूस म्हणून ती वाईट नव्हती.

तर आता धाकटी वाचत होती. धाकटी म्हणजे लाँड्रीतली सगळ्यात नवी, लग्न होऊन वर्ष न झालेली. भोंगाचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिचा कागद भरायचं काम धाकटीकडे आलं होतं. पण भोंगाचं उत्तर म्हणजे सगळ्या तळघराने ऐकायची गोष्ट.

“‘मला एकटं राहायला आवडतं.’”

“मिळतंय कुठे? न्हाणीघरात गेले तरी दार वाजवतात. लिही, ‘सांगता येत नाही’.”

“‘कैद्यांना तुरुंगात चांगली वागणूक मिळावी.’”

“का म्हणून? पाहुण्या आहेत का त्या? बसून खायचं, लोळून झोपायचं. इथे माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय. मलाच टाका म्हणावं महिनाभर आत, पाठीला तेवढाच आराम.”

“तू आत गेलीस तर बाकीच्या भिंतीवरून उड्या टाकतील गं,” पलीकडून कुणीतरी म्हणालं.

“टाकू देत. पुढचं वाच.”

“‘शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीबरोबर काम करायला माझी हरकत नाही.’”

“हरकत?” भोंगाने कप आपटला. “असली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली ना, तर तिच्या हाताला हात लावायची नाही मी. एकदा हात रंगले की रंगले. काय गं, ताई?”

घडीताईने भोंगाच्या हातांकडे पाहिलं. सोड्याने भेगाळलेली बोटं, उजव्या मनगटावर रुळाने भाजल्याचा जुना डाग. तीन वर्षं दिवसभर ते हात तिच्या हातांना लागत होते. मोठ्या चादरीची घडी एकटीची नसते. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, हिसका द्यायचा, मग एकीने उभं राहायचं आणि दुसरीने चालत जाऊन आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे. एका चादरीला दोनदा. गेल्या पावसाळ्यात घडीताई तापाने फणफणली होती तेव्हा हेच हात तिच्या खोलीवर डबा घेऊन आले होते आणि “मेलीस तर माझ्यासमोर ती धाकटी उभी करतील, तिला सरळ धरता येत नाही” असं म्हणत तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून गेले होते.

“तू म्हणतेस तर नाहीच लावणार,” घडीताई म्हणाली आणि पाण्याच्या निमित्ताने उठली.

पाण्याच्या टाकीपाशी मॅडम तिच्या मागोमाग आली. आवाज अगदी मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा.

“ताई, तुमचा कागद कोरा राहिला तरी चालेल. माझ्याकडे द्या. मी तो यात धरणार नाही.”

“का?”

“उगाच तुम्हाला अवघड नको. बाजूला काढून ठेवते. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

घडीताईने पेला भरला. पाणी प्यायली. पेला परत अडकवला.

“हात बघून ओळखलंत ना?”

“मी बरेच महिने आत जात होते,” मॅडम म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही. खरंच.”

“मग माझा कागद निळ्या फायलीत टाका.”

“निळ्यात फक्त आत असलेल्या बायका आहेत. तुम्ही सुटलात.”

“मग पिवळ्यात.”

“पिवळ्यात शिक्षा न झालेल्या.” मॅडमला ओशाळल्यासारखं झालं. “नियम असतात हो, ताई. मी नाही केले.”

“म्हणजे मी कुठल्याच ढिगातली नाही.”

“अभ्यासापुरतं म्हणतेय मी.”

“मला वाटलं होतं, सुटले म्हणजे सुटले,” घडीताई म्हणाली.

कागदाची चौकोनी घडी करून मॅडमच्या हातात ठेवली असती की विषय मिटत होता. चहा संपला असता, रूळ फिरायला लागले असते, भोंगाने समोरून “धर गं ताई” म्हटलं असतं आणि उद्याही म्हटलं असतं. तीन वर्षं घडीताई नेमकी ह्याच दिवसाला भीत आली होती, आणि तो आला होता तो असा, मऊ आवाजात, तिला वाचवायला निघालेला. घाबरायचं सोडून तिला राग आला. पूर्वी यायचा तसा डोक्यात भडका उडवणारा नव्हे. हा सावकाश आला, पायांपासून वर. आपण होऊन लपलो ते ठीक. पण दुसऱ्याने प्रेमाने उचलून बाजूला ठेवायचं, आणि वर आपण आभार मानायचे?

ती टेबलाशी परत आली आणि आपला कागद धाकटीपुढे सरकवला.

“माझा वाच. मोठ्याने.”

“तुम्हाला तर वाचता येतं, ताई.”

“आज तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

धाकटीने घसा साफ केला. “‘तुम्हाला कधी न्यायालयाने शिक्षा ठोठावली आहे का?’ हे काय, सगळ्यांचं ‘नाही’च आहे. पुढे...”

“माझं ‘होय’ लिही.”

भोंगा फिस्सकन हसली. “कशाबद्दल गं? घडी वाकडी घातलीस म्हणून?”

“जावेला ढकललं म्हणून. जिन्यावरून. ती गेली. मला सात वर्षं झाली.”

तळघरात पाण्याचा नळ कुठेतरी ठिबकत होता. तो ठिबकतोय हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आलं. मॅडम टाकीपाशीच खिळून राहिली होती.

“कशावरून?” कुणीतरी अगदी बारीक आवाजात विचारलं.

“दोरीवरून. कपडे वाळत घालायच्या.”

आणि तिने सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. वरच्या मजल्यावरची समाईक गॅलरी, तिथे हिने बांधलेली दोरी. जावेने सकाळी हिचे वाळलेले कपडे ओढून ढीग घातला आणि आपली ओली चादर टाकली. हिने विचारलं, तिने उलट सुनावलं, दोघी एकमेकींच्या माहेरांचा उद्धार करण्यापर्यंत पोचल्या, मग ही जवळ गेली आणि हिने दोन्ही हातांनी ढकललं. मागे जिना होता.

“तिला मारायचं नव्हतं, हे खरं,” घडीताई म्हणाली. “ढकलायचं होतं, हेही खरं. कोर्टात वकील म्हणाला, पाय घसरला म्हणून सांग. मी म्हटलं, नाही घसरला. माझ्या खोलीत अजून दोरी नाही. खुर्चीच्या पाठीवर वाळवते कपडे. ... वाच गं पुढचं. चहा निवतोय.”

धाकटीने पेन्सिल पुढच्या ओळीवर आणली. “‘मला लहानसहान गोष्टींवरून राग येतो.’”

“यायचा. ‘होय’ लिही.”

“‘गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी.’”

“होय. ठळक लिही.”

“‘कैद्यांना... चांगली वागणूक मिळावी.’”

“‘सांगता येत नाही’. मला फारशी मिळाली नाही. त्याने मी बिघडले नाही आणि सुधारलेही नाही. घडी घालायला मात्र शिकले.”

एरवी या वाक्यावर भोंगाने टाळी मागितली असती. ती आता उभी राहिली होती आणि तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

“तीन वर्षं! तीन वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस!”

“तूही माझ्या डब्यातलं खाल्लंस.”

“माझ्या पोरीच्या लग्नात तुला पहिल्या रांगेत बसवलं मी! मला एका शब्दाने सांगायचं नाहीस?”

“सांगितलं असतं, तर पहिल्या रांगेत बसवलं असतंस?”

भोंगाने तोंड उघडलं आणि मिटलं. लाँड्रीत हे घडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“तिचं कोण होतं?” मग तिने विचारलं. “त्या जावेचं?”

“मुलगा आहे. मोठा झाला. त्याला मी डोळ्यांसमोर नको असते, म्हणून त्याच्या गल्लीत मी पाऊल टाकत नाही. त्याने मला जन्मभर शिव्या घालाव्यात, मी खाली मान घालून ऐकीन. त्याचं बरोबर आहे.” घडीताईने मान मात्र खाली घातली नव्हती. “पण तू त्याची कोण लागतेस, भोंगा? मला सात वर्षं सांगितली, मी सात भोगली. आठवं द्यायला तुला कुणी बसवलंय?”

तेवढ्यात मुकादम जिन्यावरून धडधडत खाली आला. “अहो, वरून तीनदा फोन आला! ऑपरेशनच्या मजल्यावर एक चादर नाही, आणि इथे काय हळदीकुंकू... काय झालं?”

घडीताईनेच सांगितलं, दोन वाक्यांत. मुकादमाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

“कामावर घेताना हे बोलला नाहीत, घडीताई.”

“तुम्ही विचारलं नाहीत. ओल्या चादरी उचलता येतील का, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, येतील.”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. आणि ते घडीताई-बिडीताई लिहू नका. माझं पूर्ण नाव लिहा.”

“उद्याचं मी काही सांगू शकत नाही.” मुकादमाने चादरींच्या गाड्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग तिच्याकडे. “आज... आजच्या चादरी तर व्हायलाच हव्यात,” तो जमिनीशी बोलल्यासारखा पुटपुटला आणि बटण दाबायला गेला.

बायकांनी कपबशा उचलल्या. मॅडम टेबलाशी आली. धाकटीने पुढे केलेला कागद तिने हातात घेतला खरा, पण निळी उघडावी की पिवळी, तिला ठरवता येईना.

“तिसरी फाइल आणा,” घडीताई बाह्या वर सारत म्हणाली. “रंग तुम्हीच बघा कुठला तो.”

“एकीसाठी फाइल नाही होत, ताई.”

“एकटीच आहे कशावरून? शोधलंत कुठे?”

मॅडमने चष्मा पुसला. जाताना फायली पिशवीत गेल्या. तो एक कागद मात्र तिच्या हातातच राहिला, आणि जिना चढताना ती तो वाचत होती.

रूळ फिरायला लागले. तापलेल्या चादरी पलीकडून एकामागून एक बाहेर पडू लागल्या. इतर वेळी एव्हाना जोड्या लागलेल्या असायच्या. आज धाकटी न सांगताच दुसऱ्या टेबलाकडे गेली. दोघी-तिघींना अचानक मळक्या कपड्यांची छाननी करायची हौस आली. भोंगा कोपऱ्यात पाठ फिरवून उशांचे अभ्रे मोजत होती, आणि मोजताना चुकत असावी, कारण तीच चळत ती पुन्हा मोजत होती.

मधल्या टेबलावर ढीग वाढत गेला.

एकटीने मोठी चादर घडी करायची एक रीत असते. एक कड हनुवटीखाली दाबायची आणि हात पुरतील तेवढे फाकवायचे. घडीताई ते आत असताना शिकली होती. तिथे कुणी कुणाशी धड बोलत नसायचं त्या दिवसांत तिने चादरींची चळतच्या चळत अशी हनुवटीखाली घातली होती. आजही तिला ते सहज जमलं असतं.

तिने वरची चादर घेतली, दोन कोपरे धरले, आणि उभी राहिली. बाकीची चादर टेबलावर लांब पडली होती, पलीकडचे दोन कोपरे टेबलाच्या कडेवरून लोंबत होते. घडीताईने ते ओढले नाहीत. हनुवटी वर होती, ती तिने खाली आणली नाही.

ती नुसती उभी राहिली. ढिगावर आणखी एक चादर पडली. आणखी एक. मुकादमाने जिन्यावरून डोकावून बघितलं आणि डोकं आत घेतलं.

“केवढा ढीग झालाय बघा,” भोंगा भिंतीला म्हणाली. भिंत काही बोलली नाही. “लोकं वर ऑपरेशनला झोपलीत आणि इथे पुतळे उभे आहेत.”

पुतळा हलला नाही.

भोंगाने अभ्रे आदळले. तरातरा चालत आली. घडीताईच्या तोंडाकडे न बघता तिने लोंबणारे दोन कोपरे पकडले आणि असा हिसका दिला की घडीताईचे खांदे पुढे आले. घडीताईने पाय रोवले आणि तसाच हिसका परत दिला. चादर दोघींच्या मधे फाडकन वाजली. दुसऱ्या टेबलावर धाकटी दचकली.

त्यांनी लांबीची घडी घातली. कडेला कड लागली. आता एकीने चालत यायचं होतं. भोंगा उंच, म्हणून ती उभी राहायची आणि घडीताई तिच्याकडे चालत जायची, हे पहिल्या दिवसापासूनचं. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या बाईने चालायचं असतं, हे घडीताईने आपणहून धरलं होतं आणि मग तीन वर्षं ती चालतच राहिली होती.

आत्ताही तिचा पाय उचलला गेला. तिने तो परत होता तिथे ठेवला.

“ये ना,” भोंगा म्हणाली. भोंग्याचा आवाज नव्हता तो.

“आज तू ये.”

चादर ताणलेलीच होती. भोंगाने पहिल्यांदा वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं, रोजचा चेहरा जणू नव्याने तपासत असल्यासारखं. डोळे कोरडे होते, दोघींचेही.

मग भोंगाची चप्पल फरशीवर घासली. एक पाऊल. आणखी एक. चादर मधोमध खाली झुकली. भोंगा समोर येऊन थांबली आणि तिने आपले कोपरे पुढे केले. पण करताना तिने चादरीची कड बोटांवर गुंडाळून घेतली होती.

घडीताईने ते पाहिलं. तिने हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. जिथे होता तिथेच तो उघडा धरला, आणि भोंगाने कोपरे त्यात ठेवले. दोघींच्या हातांच्या मधे चादरीचा एकच पदर होता. रुळाखालून नुकताच आलेला, अजून गरम.